पाहुण्यांसाठी राखलेला दिवाणखाना

मित्रांनो, खिडकीखाली जमिनीलगत आडवी पडलेली ही लांबट लाकडी पेटी पाहिलीत का? पाठीवर शाईचे डाग आहेत, एका कोपऱ्यावर मांजरीच्या नखांचे ओरखडे आहेत आणि पोटात वह्या, चेंडू, चाकं निघालेल्या मोटारी कोंबलेल्या आहेत. ती मीच. मला बघून आज कुणाला खरं वाटणार नाही, पण मी एके काळी काचेची अलमारी होते. लातूरच्या एका दिवाणखान्यात छताकडे मान करून उभी असायचे. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा ताहेरभाई, काय शोकेस केलीय!" त्या 'वा'पायी आमच्या घराने काय काय सोसलं, ते सांगायला मी आज बसले आहे. बोलताना मध्येच माझा आवाज चढला तर रागावू नका. इतकी वर्षं मला तोंडच नव्हतं.

मला घडवलं शिवलिंग सुतारांनी. सागवानी चौकट, काचेची दोन दारं, पितळी कुलूप आणि खाली नक्षीचे चार बारीक पाय. माझे मालक ताहेरभाई यांचं गंजगोलाईच्या बाजारात काचसामानाचं दुकान होतं. दिवसभर ते लोकांना कपबशा, बरण्या, सरबताचे पेले विकत. त्यातला सगळ्यात देखणा माल मात्र ते घरी आणून माझ्यात मांडत. मी उंच हवी होते, पण अंगाने अरुंद, म्हणजे खोलीत जागा कमी खाईन आणि दारातून पाऊल टाकताच दिसेन.

मला पहिल्यांदा घरात आणलं तेव्हा त्यांची बायको खातूनबी तान्ह्या इकराला कडेवर घेऊन उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "एवढी उंच कामून केली? पोरगी रांगायला लागली की तिच्या हाताला येईल असा एखादा खण तरी ठेवायचा."

"ही पोरीसाठी न्हाई, खातून. ही पाहुण्यांसाठी हाय," ताहेरभाई हसून म्हणाले.

घर लहान होतं. पुढे दिवाणखाना, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे छोटंसं अंगण, तिथे शेळी बांधलेली. मोठी खिडकी होती ती फक्त दिवाणखान्याला. उजेड तिथे, वारा तिथे, पंखाही तिथेच. आणि माझ्यामुळे पळायला बंदी, चेंडूला बंदी, मांजरीला बंदीही तिथेच. इकरा जरा मोठी झाली तेव्हा हिमायतनगरच्या फुप्पीने, म्हणजे ताहेरभाईंच्या बहिणीने, तिला डोळे मिटणारी बाहुली पाठवली. ताहेरभाईंनी ती खोक्यासकट माझ्या वरच्या खणात ठेवून कुलूप लावलं. "खराब होईल," म्हणाले. ती पोरगी माझ्या काचेला नाक लावून उभी राहायची. काचेवर तिच्या श्वासाचा गोल उमटायचा. मला वाटायचं, दार आपणहून उघडावं आणि बाहुली तिच्या ओंजळीत टाकावी. पण लाकडाला कुठलं आलंय असं बळ!

मग त्र्याण्णव सालची ती पहाट आली. गणपती विसर्जन करून गाव नुकतंच झोपलं होतं. आधी जमिनीतून जड गाडी गेल्यासारखा आवाज आला, मग माझे पाय माझे राहिले नाहीत. मी पुढे झुकले, मागे आपटले, पुन्हा पुढे झुकले. आतले पेले एकमेकांवर फुटत होते. ताहेरभाई, खातूनबी आणि इकरा याच खोलीतून, माझ्या अगदी समोरून, बाहेर धावले. त्या वेळी मी पडले नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

लातूर शहर वाचलं. पण औशाच्या पुढे, किल्लारीकडे, गावंच्या गावं मातीत गेली होती. कितीतरी दिवस लोक घरात झोपायला धजले नाहीत. ताहेरभाईंनी दुकानातली ताटं, पातेली, तांबे टेम्पोत भरले आणि त्या गावांकडे वाटायला घेऊन गेले. माणूस मनाने मोठा होता, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्यांच्यावर फार चिडणार आहे. परत आले ते थेट दिवाणखान्यात शिरले. माझ्यासमोर उभे राहून रिकाम्या खणांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला पुन्हा भरायला घेतलं. पहिल्यापेक्षा जास्त भरलं.

खातूनबीने तेव्हाच सांगितलं, "भरा हवं तेवढं, पण आधी हिला भिंतीला जखडा. माझ्या पोरीच्या अंगावर आली असती."

"हाव, करतो की."

"कधी?"

"भिंतीला आत्ताच रंग दिलाय, खातून. त्यात भोकं पाडायची का? जरा थांब."

मित्रांनो, त्यानंतर भिंतीला किती वेळा नवा रंग लागला! प्रत्येक वेळी रंग आधी नवा म्हणून भोकं नकोत आणि नंतर जुना झाला म्हणून आता पुढच्या रंगाच्या वेळी बघू. लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि चार स्क्रू, एवढंच काम होतं. खातूनबी पुठ्ठ्याच्या घड्या करून माझ्या पुढच्या पायांखाली सरकवायची. झाडताना त्या निसटायच्या, ती पुन्हा सरकवायची. तिचे ते वाकलेले खांदे बघून मला ओरडावंसं वाटायचं की अहो ताहेरभाई, मी हलते! मला कळतंय, तुमच्या बायकोला कळतंय, तुम्हालाच तेवढं कळत नाही!

पुढे लातूरचं नाव बारावीच्या निकालांत गाजू लागलं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या. नांदेड, भोकर, धर्माबादकडची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरू लागली. प्रत्येकाला एक बादली, एक मग आणि एक डबा हवाच. ताहेरभाईंनी दुकानाचा अर्धा भाग प्लास्टिकला दिला आणि दुकान जोरात चालू लागलं. याच सुमारास घरात माणसंही वाढली. इकरानंतर बऱ्याच वर्षांनी यासेर झाला. तो तीन-चार वर्षांचा असताना फुप्पीची मुलगी उमैमा हिमायतनगरहून शिकायला आली. इकरा आणि उमैमा दोघी एकाच वर्गात. दोघींनाही डॉक्टर व्हायचं होतं. शेळीला करडू झालं होतं. बिजली नावाची पांढरी मांजर होती, ती यासेरच्या पायात पायात असायची.

एवढ्या माणसांचं आणि जनावरांचं घर. आता तरी दिवाणखाना त्यांच्यासाठी मोकळा होईल, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. हातात पैसा खेळू लागला तसा ताहेरभाईंनी दिवाणखाना नवा केला. पांढरी फरशी, मलईच्या रंगाचा मखमली सोफा, त्यावर प्लास्टिकचं आवरण, मध्ये काचेचा टीपॉय. मला नवं पॉलिश. आणि आतल्या दाराला, यासेरचा हात पोहोचणार नाही इतकी उंच, एक कडी.

इकराने एकदा धीर करून विचारलं, "अब्बा, आम्ही दोघी दिवाणखान्यात बसून अभ्यास करू का? तिथं उजेड हाय. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, धूर, यासेरचा दंगा. काही डोक्यात शिरत न्हाई."

"आणि सोफ्यावर शाई सांडली तर? उद्या तुझ्या रिश्त्यासाठी लोक आले, तर काय दाखवू त्यांना?"

"मला डॉक्टर व्हायचंय, अब्बा."

"हाव बेटा, हो की. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? पण खोली खराब न्हाई करायची."

झालं! दोघी पोरी पिठाच्या डब्याला टेकून शरीरातल्या हाडांची नावं पाठ करायच्या. करडू त्यांच्या वहीचा कोपरा चावायचं. खातूनबी भाकरी थापता थापता पायाने मांजरीला बाजूला सारायची. आणि पलीकडे, भिंतीच्या या बाजूला, मी, सोफा आणि टीपॉय असे तिघं जण एकमेकांकडे बघत बसायचो. पंखा बंद, खिडकी बंद. पाहुणे म्हणाल तर क्वचित यायचे. जे यायचे ते त्या प्लास्टिकवर बसून घामाने निथळायचे आणि थोड्या वेळाने म्हणायचे, "भाभी, चहा आतच घेतो की." मग तेही स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसायचे. दिवाणखाना पुन्हा रिकामा. इतका संताप यायचा मला! पाहुणा आत आणि घरची पोरंही आत, मग ही खोली राखली होती ती कुणासाठी?

एका उन्हाळी दुपारी खातूनबी माझे खण पुसत होती. कुलूप काढलेलं, दारं उघडी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. करडाने पिठाचा डबा लोळवला होता. ती फडकं टाकून धावली आणि दिवाणखान्याचं दार उघडंच राहिलं.

यासेर आत आला. मागे बिजली. माझ्या वरच्या खणात किल्लीवर चालणारं पत्र्याचं एक इंजिन होतं. ताहेरभाईंनी ते हैदराबादहून यासेरसाठीच आणलं होतं आणि 'मोडेल' म्हणून माझ्यात ठेवलं होतं. यासेरने मान वर करून ते पाहिलं. खालच्या खणात एक पाय ठेवला. मग त्याच्या वरच्या खणात दुसरा. त्याला मी शिडी वाटले.

माझं वजन पुढे सरकायला लागलं, ते मला कळलं. मित्रांनो, तुम्ही कधी पडताना स्वतःला सावरलं असेल. मला सावरायला हात नव्हते, मागे ओढून धरायला भिंत नव्हती. पाठीमागे भिंत उभी होती, पण आमचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता. मागचे पाय उचलले गेले आणि मी त्या लेकराला घेऊन पुढे कोसळले.

टीपॉयचा चुरा झाला. माझा वरचा कोपरा सोफ्याच्या हातावर अडकला, त्यामुळे माझ्याखाली थोडी पोकळी राहिली. यासेर त्या पोकळीत होता. त्याचा आवाज येत नव्हता. खातूनबी दारात आली. तिने हाक मारली ती यासेरला नव्हती, "या अल्लाह!" एवढंच म्हणाली आणि काचांवरून अनवाणी धावत आली. इकरा आणि उमैमा मागोमाग आल्या. तिघींनी मला उचललं. एरवी मला हलवायला चार गडी लागायचे. इकराने त्याला ओढून बाहेर घेतलं, आणि तेव्हा तो रडला. त्या रडण्याइतका चांगला आवाज मी जन्मात ऐकलेला नाही.

ते सगळे दवाखान्यात गेले. मी तिथेच काचांत पालथी पडून होते. संध्याकाळी परतले तेव्हा यासेरचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं आणि दंडाला टाके पडले होते. ताहेरभाई दुकानातून थेट दवाखान्यात गेले होते. घरी आल्यावर ते माझ्याकडे बघेचनात. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "उद्याच काढून टाकतो हिला घरातून."

खरोखरच गिऱ्हाईक आलं. धर्माबादचे धान्याचे व्यापारी व्यंकटशेठ. ते दुकानाचे जुने ओळखीचे. नुकतंच नवं घर बांधलं होतं. माझी दारं फुटली होती, पण चौकट शाबूत होती. त्यांनी माझ्यावर हात फिरवला आणि खूश होऊन म्हणाले, "काच नवी बसवून घेतो. हॉलमधी उभी करतो. नातवंडं लई खूश होतील बघा."

खातूनबी पडद्याआड होती. नातवंडं हा शब्द ऐकला आणि ती बाहेर आली. परक्या माणसासमोर ती कधी फारसं बोलत नसे.

"भाईसाब, माफ करा. ही अलमारी द्यायची न्हाई."

"खातून!" ताहेरभाई दबक्या आवाजात म्हणाले.

"न्हाई म्हणजे न्हाई. माझ्या पोरावर पडली ती दुसऱ्याच्या पोरांवर पडायला पाठवू का? तुमच्या घरी लेकरं हायेत, भाईसाब. ही हलते. मी इतकी वर्षं सांगून राहिले, कुणी ऐकत न्हाई. तुम्ही तरी ऐका."

व्यंकटशेठ गोंधळले, चहा अर्धा ठेवून निघून गेले. ताहेरभाईंचा चेहरा लाल झाला होता. "गिऱ्हाइकासमोर माझी इज्जत घालवली तू!"

"इज्जत?" खातूनबी खाली बसली. तिच्या तळपायांना अजून पट्ट्या होत्या. "ह्या खोलीत तुमची इज्जत राहते, आम्ही राहत न्हाई. पोरी पिठाच्या डब्यापाशी बसून डॉक्टर होऊन राहिल्या. पोराचं खेळणं कुलुपात. मी रोज इथली फरशी पुसते आणि आत जाऊन बसते. मला एकदा सांगा, कुणासाठी पुसून राहिले मी?"

ताहेरभाई तिच्यासमोर खाली बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तिकडं किल्लारीला एका घराच्या ढिगातून कपबशा काढताना बघितल्या मी. अख्ख्या निघाल्या. प्यायला घरातलं कुणी न्हाई. तवापासून मला वाटतं, आपलं घर भरलेलं दिसावं. बस."

खातूनबीचा राग तिथेच ओसरला, पण हट्ट नाही. "मग भरा की. पोरं आत येऊ द्या. कपबशाच कामून भरायच्या?"

पुढच्या रविवारी तिने दिवाणखान्यातलं सगळं सामान बाहेर काढायला लावलं. फक्त मला भिंतीशी आडवं ठेवलं. मग घरातल्या सगळ्यांना म्हणाली, "आजचा दिवस इथंच काढा. जिथं बसावं वाटतं तिथं बसा." आणि स्वतः एका कोपऱ्यात तांदूळ निवडत बघत राहिली. पोरी आपसूक खिडकीखाली गेल्या. यासेर फरशीच्या मधोमध लोळला, कारण तिथे पंख्याचा वारा लागत होता. बिजली उन्हाच्या तुकड्याबरोबर सरकत राहिली. करडू अंगणातून तीनदा आत घुसलं. एकट्या ताहेरभाईंना कुठे बसावं हेच कळेना. ते उंबऱ्यावर बसले. खातूनबीने उठून, कोण कुठे बसलं तिथे तिथे खडूने खुणा केल्या.

शिवलिंग सुतार आले. "भाभी, एवढी देखणी अलमारी कापायची?" त्यांनी दोनदा विचारलं. ती दोनदा हो म्हणाली. त्यांनी माझे नक्षीचे पाय कापले, फुटकी दारं काढली, मला खिडकीखाली आडवं बसवलं आणि लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडलं. करवत चालली तेव्हा मला दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. पण पहिला स्क्रू भिंतीत गेला तेव्हा मला रडू आलं. एवढंच काम होतं, मित्रांनो! चहाचं आधण उकळायच्या आत झालं!

माझी पाठ पोरींचं मेज झाली, त्या माझ्यासमोर सतरंजीवर बसून अभ्यास करू लागल्या. एका खणात पुस्तकं, दुसऱ्यात यासेरची खेळणी, त्याच्या हाताला येतील अशी. टोकाच्या खणात गोणपाट टाकून बिजलीची जागा. टीपॉय पुन्हा आणलाच नाही, मधली जागा मोकळी सोडली. सोफ्याचं प्लास्टिक फेकून त्यावर धुता येईल अशी गडद निळी खोळ चढवली. अंगणाच्या दाराला कमरेएवढं फाटक बसवलं, म्हणजे वारा येईल पण करडू येणार नाही.

ताहेरभाई मात्र रुसले होते. आल्यावर चहा उंबऱ्यावर पीत आणि आत न बघता निघून जात. त्यांना ही खोली गरिबाची वाटत होती. असेच काही महिने गेले. मग एका रविवारी दुपारी ते उन्हातून आले, खूप थकले होते. पंख्याखाली मोकळी जागा दिसली, तिथे सतरंजीवर पाठ टेकली आणि त्यांना डुलकी लागली. बिजली आली आणि त्यांच्या पोटावर चढून झोपली. यासेर त्यांच्या पायांच्या कमानीखालून पत्र्याचं इंजिन पळवत होता. पोरी पाठांतर करत होत्या.

त्याच वेळी दारात आप्पासाहेब उभे राहिले. भोकरकडचे मोठे बागायतदार, नातू इथल्या वसतिगृहात. ताहेरभाई ज्यांच्यासाठी सोफ्याचं प्लास्टिक दोनदा पुसत, असा हा पाहुणा. खातूनबी घाबरून पदर सावरत पुढे आली. मला वाटलं, आता हे धडपडत उठणार, पोरांना आत पिटाळणार.

ताहेरभाईंनी डोळे उघडले. पाहुण्यांकडे बघितलं, मग पोटावरच्या मांजरीकडे. आणि झोपल्या झोपल्याच म्हणाले, "या आप्पासाहेब, बसा. ही आत्ताच झोपलीय, जरा उठू द्या हिला."

आप्पासाहेबांनी चपला काढल्या, सतरंजीवर मांडी घातली आणि माझ्या अंगाला पाठ टेकवली. "बरं केलंत," ते म्हणाले. "मागच्या बारीला तुमचा सोफा बघून मी उभाच राहिलो होतो. बसायचं भ्याव वाटलं."

खातूनबी आत जाऊन पदरात तोंड लपवून हसली. मला ऐकू आलं.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. उमैमाला त्या वर्षी मेडिकलला जागा मिळाली, इकराला थोडक्यात हुकली. ती नांदेडला फार्मसी शिकायला गेली. तिच्या नशिबाचं मला ठाऊक नाही, पण कुकरच्या शिट्ट्यांत गेलेले तिचे ते महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. यासेर आता मोठा झाला आहे. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर पूर्ण जात नाही, म्हणून तो डाव्या हाताने गोलंदाजी करतो. लोक त्याला डावखुरा समजतात. मला राग याचा येतो, मित्रांनो, की आमच्या घराला आपली खोली वापरायची अक्कल यायला एका लेकराचं हाड मोडावं लागलं.

तुमच्याही घरात पाहुण्यांसाठी राखलेली एखादी खोली असेल, आणि तिथे उंच, देखणं, न जखडलेलं काहीतरी उभं असेल. स्वतः त्याला हात लावू नका. आज संध्याकाळी अब्बा, बाबा, आई, जे कुणी घरी येईल, त्यांचा हात धरून त्यांना तिथे न्या आणि ते हलतं का, हे त्यांनाच बघायला सांगा. हललं तर लगेच जखडायला सांगा. "नंतर बघू" म्हणाले, तर हात सोडू नका.